पंप आमच्या पाठीवर, सही कुणाची?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी सहज लिहून गेलो की डासाचं औषध मारणारे, धूर सोडणारे, उंदराच्या बिळात गोळ्या टाकणारे जे पालिकेचे लोक असतात त्यांनाही युनियन काढून मालकापुढं बसायचा आणि पगारपाणी ठरवून घ्यायचा हक्क आहे. दोनच ओळी होत्या. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चाळीस फूट झाल्यावर सांगलीकर जसं खालचं सामान माळ्यावर चढवायला लागतात तसं मी टेबलावरचं बाकी सगळं बाजूला केलं आणि हे अख्खं सदर यालाच दिलं. लिहिणाऱ्यांची नावं-गावं मुद्दाम झाकलीत, नोकऱ्या आहेत लोकांच्या. मी स्वतः एका पालिकेच्या मलेरिया विभागात पंप उचललाय, नंतर युनियनचं काम केलंय, त्यामुळं कुठं आवाज चढल्यासारखा वाटला तर चालवून घ्या.

प्रश्न: दादा नमस्कार. आम्ही बावीस जण हाय डासाच्या कामावर. सहा कायम, सोळा ठेकेदाराकडचे. गाडी एक, पंप तेच, औषध तेच, सकाळी सातला साहेब वॉर्ड वाटून देतात ते पण सगळ्यांना एकदमच. पगार मात्र कायमवाल्यांच्या निम्मा पण न्हाई, पीएफ कापतो म्हणतात पण नंबर देत न्हाईत. युनियनचा विषय काढला की साहेब म्हणतात ही अत्यावश्यक सेवा हाय, इथं युनियन-बिनियन चालत नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणतो तुम्ही पालिकेचे न्हाईच. मग आम्ही कुणाचे? (सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेतला फवारणी कामगार)

उत्तर: भाऊ, साहेबांचं पहिलं वाक्य खोटं आहे, ते आधी डोक्यातून काढून टाका. संघटना करायचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे आणि तो औषध मारणाऱ्यालाही आहे. नागपूर महापालिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं १९६० सालीच सांगितलंय की महापालिकेची आरोग्य, गटार, पाणी ही खाती कामगार कायद्याच्या भाषेत 'उद्योग' आहेत, म्हणजे तिथं काम करणारा माणूस कामगार, आणि १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठ्याच्या निकालात तर ही व्याख्या अजून रुंद झाली. अत्यावश्यक सेवा असली की सरकारला संपावर बंधनं घालता येतात, एवढाच त्याचा अर्थ. युनियनवर बंदी असा अर्थ कुठल्याच पुस्तकात नाही.

पण दुसरी बाजू पण ऐका, कारण आपल्यातले काही पुढारी ती सांगत नाहीत. युनियन काढणं हा मूलभूत हक्क, पण मालकानं तुमच्याशी वाटाघाटी केल्याच पाहिजेत किंवा संप हा आमचा मूलभूत हक्क, असं नाही, सुप्रीम कोर्टानं हे १९६१ मध्ये बँकवाल्यांच्या केसमध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे टेबलावर बसायचा हक्क तुम्हाला कायद्यातून मिळवावा लागतो, आणि कायदा आकडे मागतो. नोंदणीला सात जण लागतात, किंवा त्या ठिकाणच्या कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर यातला जो आकडा कमी असेल तेवढे, पण सातच्या खाली नाही. नोंदणी झाली म्हणजे मान्यता मिळाली असं मात्र नाही, इथंच बरेच जण फसतात, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावतात आणि साहेब ओळखतच नाही. युनियनची मान्यता आणि मालकाच्या अनुचित प्रथा यांच्यासाठी आपल्या महाराष्ट्राचा १९७१ चा जो कायदा आहे, ज्याला सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतात, त्यात पन्नास किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेत सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद दाखवले तर इंडस्ट्रियल कोर्टाकडून मान्यता मागता येते. दिल्लीची जी नवी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली तिच्यात एकाहून जास्त युनियन असतील तर ५१ टक्केवाली एकटी वाटाघाटीला बसते, कुणाकडेच ५१ नसतील तर २० टक्क्यांच्या वरच्यांची मिळून परिषद होते. माझं सरळ म्हणणं, तीसवर थांबूच नका, एक्कावन्न गाठा, म्हणजे कुठलाही कायदा पुढं आला तरी तुम्ही आतच.

आता तुमच्या बावीस जणांचं. ही टक्केवारी तुमच्या डासांच्या विभागाची मोजत नाहीत, अख्ख्या पालिकेची मोजतात. बावीसच्या बावीस आलात तरी तुम्ही तिथं मूठभरच राहणार. म्हणून 'फवारणी कामगार युनियन' असा वेगळा बोर्ड लावायच्या भानगडीत पडू नका. सफाईवाले, पाणीपुरवठ्यावाले, ड्रायव्हर, बागेतले माळी या सगळ्यांच्या युनियनमध्ये शिरा आणि तिथं भांडून आपल्या कामाच्या मागण्या यादीत घाला. भांडावं लागतंच, सांगून ठेवतो. आमच्या वेळी मागणीपत्रात चाळीस मागण्या होत्या आणि पंपाच्या पट्ट्याला आतून गादी लावा ही आमची मागणी चाळिसावी होती, ती वाचायच्या आधीच सगळे चहाला उठले.

आणि तुम्ही सोळा जण कुणाचे? खरं उत्तर असं की कागदावर ठेकेदाराचे आणि कामावर पालिकेचे, आणि हे कोर्टात सिद्ध करणं हीच सगळी लढाई. यात एक खड्डा आहे, त्यात आपल्या भागातले पण बरेच पडलेत. वकील म्हणतो टाकू की एमआरटीयूखाली तक्रार, तुम्हाला वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवलंय ही अनुचित प्रथा आहेच (आहेच ती, त्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात सहाव्या नंबरला लिहिलीये), आणि मग पालिका उठून म्हणते हे आमचे कामगारच नव्हेत, आणि तक्रार तिथंच पडते. सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिपलाच्या केसमध्ये सांगितलंय की नातंच वादात असेल तर आधी ते नातं औद्योगिक विवादाच्या रस्त्यानं ठरवून घ्या, मग अनुचित प्रथेची तक्रार करा. म्हणून सोळा जणांनी आधी सहायक कामगार आयुक्तांकडं 'हा ठेका नावापुरता आहे' असा वाद उभा करायचा. तो उभा करताना तीन गोष्टी विचारल्या जातात, औषध कुणाचं, पंप कुणाचा, आणि रोज सकाळी कुठल्या गल्लीत जायचं हे सांगतो कोण. तुमच्या पत्रात तिन्हीची उत्तरं आलीत.

पुरावा कसा जपायचा ते एका माणसाकडून शिकलो मी. आमचे एक मुकादम होते, सगळे तात्या म्हणायचे. पालिकेचं मस्टर साहेबांच्या कपाटात कुलपात असायचं आणि बदली कामगारांना अकरा महिने झाले की दोन दिवसांचा ब्रेक देऊन नावं नव्यानं चढवायचे, म्हणजे कागदावर कुणाची सलग नोकरी व्हायचीच नाही. तात्या काय करायचे, शाळेची दोनशे पानी वही घेऊन रोज संध्याकाळी पंप धुऊन झाला की कुठला वॉर्ड, कोण कोण होतं, किती लिटर डिझेल, किती औषध, आणि शेवटी साहेब आले असतील तर 'साहेब आले, गटारीपाशी उभे राहिले, गेले' असं पेनानं लिहायचे. वहीला डिझेलचा वास यायचा, पानांच्या कडा पिवळ्या झालेल्या. आम्ही हसायचो त्यांना. पुढं केस उभी राहिली तेव्हा पालिकेनं सांगितलं की जुनं मस्टर सापडत नाही, आणि तात्यांच्या त्या सात वह्या कोर्टात ठेवल्या गेल्या, ब्रेकच्या दोन दिवसांतसुद्धा आम्ही अमुक गल्लीत धूर मारला हे त्यात तारखेसकट होतं. अकरा जण कायम झाले. त्यात मी एक.

आता वहीची पण गरज नाही, मोबाईल आहे. रोज लॉगबुकच्या पानाचा फोटो, साहेबांचा ग्रुपवरचा 'उद्या अमुक वॉर्ड' असा मेसेज, पगार जमा झाल्याचा एसएमएस, सगळं जपा आणि दुसऱ्या कुणाकडं तरी पाठवून ठेवा, फोन पाण्यात पडतो. पीएफचा नंबर ठेकेदार देत नसेल तर उमंग अ‍ॅपवर आधारनं स्वतः शोधा. आणि ठेकेदारानं पगार बुडवला तर देणं मूळ मालकाच्या, म्हणजे पालिकेच्या अंगावर येतं, ही गोष्ट साहेबांना चांगली माहीत असते म्हणूनच ते 'ठेकेदाराला विचारा' म्हणतात.

पालिकेचा वकील तुम्हाला २००६ च्या उमादेवी निकालाची भीती घालेल, की मागच्या दारानं आलेल्यांना कायम करता येत नाही. तेव्हा आपल्या वकिलाला एसटीच्या सफाईवाल्यांची २००९ ची केस काढायला सांगा, त्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की उमादेवीमुळं इंडस्ट्रियल कोर्टाचे एमआरटीयूखालचे अधिकार कमी होत नाहीत. आणि जानेवारी २०२५ ची गाझियाबाद महापालिकेच्या माळ्यांची केस पण द्या हातात, ते लोक तर तुमच्यासारखेच होते, फक्त हातात पंपाऐवजी खुरपं.

प्रश्न: पोरं म्हणतात संप नको, सोमवारी सगळ्यांनी मिळून सीएल टाकू, कुणी काय करू शकत नाही. बरोबर आहे का? (कायम कामगार, सातारा)

उत्तर: अजिबात नाही. ही जुनी युक्ती होती, नव्या संहितेत तिचा रस्ता बंद केलाय. पन्नास टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तो संपच धरतात. आणि संपाला आधी लेखी नोटीस लागते, नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबावं लागतं, कामगार खात्याच्या तडजोड अधिकाऱ्यापुढं बोलणी चालू असतील तर तेव्हा करता येत नाही आणि संपल्यावर सात दिवस नाही. बेकायदा संपाला एक हजार ते दहा हजार दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. वर दहा किंवा जास्त जण नोटीस न देता ठरवून गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. सोमवारची एक सीएल एवढ्याला पडेल. त्यापेक्षा नोटीस द्या की सरळ. निम्म्या वेळा नोटिशीच्या चौदा दिवसांतच साहेब बोलवतात.

प्रश्न: दादा, माझे मिस्टर पालिकेच्या फवारणीत आहेत. घरी येतात तेव्हा अंगाला औषधाचा वास असतो, तोच शर्ट मी घरच्या कपड्यात धुते. गेल्या पावसाळ्यात दोनदा त्यांना मळमळ, दरदरून घाम, डोळ्यापुढं धुरकट, हात थरथरायचे. डॉक्टर म्हणाले पित्त. ते म्हणतात युनियनमध्ये जाऊन हे काय बोलायचं, लोक हसतील. (एक वाचक, कराड)

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ते शर्ट घरच्या कपड्यात धुणं आजपासून बंद. वेगळ्या बादलीत, हातात मोजे घालून, पोरांच्या कपड्यांपासून लांब. आणि पुढच्या वेळी असं झालं तर 'पित्त' ऐकून घरी येऊ नका, डॉक्टरना औषधाच्या डब्याचा फोटो दाखवा आणि सांगा हा माणूस टेमिफॉस किंवा मॅलेथिऑन हाताळतो. ही ऑर्गनोफॉस्फेट जातीची औषधं, शेतात मारायच्या कित्येक औषधांची भाऊबंद. घाम, लाळ, मळमळ, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, थरथर, ही त्याच्या विषबाधेची लक्षणं असतात आणि त्यावर अ‍ॅट्रोपिनसारखा उतारा आहे. रक्तातलं कोलिनेस्टरेझ तपासलं की अंगात किती गेलंय त्याचा अंदाज येतो. २०१७ ला यवतमाळात कापसावर फवारणी करताना शेतकरी-मजूर गेले तेव्हा अख्खा महाराष्ट्र हळहळला, पण शहरात रोज सकाळी तीच जात पाठीवर घेऊन फिरणारा माणूस कुणाला दिसत नाही.

आता युनियनचं. हसतील म्हणता, हसू देत. माझ्या मते फवारणीवाल्यांच्या मागणीपत्रात पगाराच्या आधी हे यायला पाहिजे, आणि यात डाव पण आहे. पगारवाढीला साहेब म्हणतो निधी नाही, शासनाची मंजुरी लागते, आस्थापना खर्च वाढलाय. रक्ताच्या तपासणीला तो काय म्हणणार? १९७१ च्या कीटकनाशक नियमांत औषध हाताळणाऱ्या माणसाची कामावर घेताना आणि नंतर ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी, अंगावरचे संरक्षक कपडे, तोंडाला योग्य मास्क, प्रथमोपचार, उतारा, ट्रेनिंग, सगळं आधीच लिहिलेलं आहे. म्हणजे नवीन काही मागायचंच नाही, जे आहे ते करारात तारखेसकट घालून घ्यायचं.

आणि बारीक लिहायचं. 'सुरक्षा साधने पुरवावीत' असं लिहिलं की वर्षाला एक कापडी मास्क मिळतो, जो धूळ पण अडवत नाही. आमच्या पहिल्या करारात आम्ही 'गमबूट' एवढंच लिहिलं आणि सगळ्यांना नऊ नंबरचे आले, माझा पाय सातचा, मी आत पोतं कोंबून दोन पावसाळे काढले. पुढच्या वेळी लिहिलं, पायाच्या मापाचे गमबूट मे महिन्याच्या आत, कोपरापर्यंतचे रबरी मोजे दोन जोड, पंप ठेवायच्या खोलीत नळ आणि साबण, काम संपल्यावर अंघोळीला वेळ कामाच्या तासांत धरून, आणि कामाचे कपडे कामावरच धुवायची सोय. शेवटच्या मागणीवर बैठकीतला एक अधिकारी म्हणाला, "का, घरी बायका नाहीत का धुवायला?" त्यावर आमच्यातला एक, जो सहसा बोलत नसे, उठून म्हणाला, साहेब तुमच्या घरी पाठवू का धुवायला? तिथं शांतता झाली. मागणी मान्य झाली. ताई, तुमचं हे पत्र मिस्टरांना वाचून दाखवा आणि त्यातली धुण्याची ओळ जशीच्या तशी मागणीपत्रात घालायला सांगा.

ठेकेदाराकडं असतील आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड आहे का ते बघा. कामातून झालेल्या आजाराची भरपाई मागायची तर केसपेपरवर 'औषध हाताळतो' हे शब्द डॉक्टरकडून लिहून घेतलेले असले पाहिजेत. पित्त लिहिलं असेल तर पित्ताचीच गोळी मिळणार.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. युनियनच्या विरोधात नाही. पण ऐन डेंग्यूच्या दिवसांत फवारणीवाले काम बंद करतात आणि धुराची गाडी महिनाभर गल्लीत येत नाही तेव्हा लहान पोरं तापानं फणफणतात. ज्यांच्या हातात लोकांचा जीव आहे त्यांनी सौदा करावा का? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर: सर, प्रश्न योग्य आहे आणि 'सौदा' शब्द मला टोचला तरी गिळतो. आधी एक जुनी गोष्ट. आपल्याकडं कामगारांची पहिली संघटना काढणारे म्हणून ज्यांचं नाव घेतात ते नारायण मेघाजी लोखंडे, १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केलं, आपण रविवारची सुट्टी उपभोगतो ती त्यांनी १८९० मध्ये मालकांकडून मिळवली. पुढं मुंबईत प्लेग आला, माणसं शहर सोडून पळत होती, तेव्हा हा युनियनवाला रोग्यांसाठी थांबला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच प्लेगनं गेला. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई गेल्या, त्याही प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना, आणि त्या तर आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. दोघं सत्यशोधक. हक्क मागणारा माणूस लोकांना वाऱ्यावर सोडतो हे त्यामुळं मला पटत नाही.

आता धुराचं खरं सांगतो, तुम्हाला आवडणार नाही. धुरानं फक्त उडणारा डास मरतो, तोही त्या वेळी धुरात सापडला तर. अळीला काही होत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत नवीन डास तयार. म्हणून खरं काम धुराच्या गाडीचं नाही, घराघरांत जाऊन कुलरच्या ट्रेमधलं, फ्रिजच्या मागचं, गच्चीवरच्या टायरमधलं पाणी ओतायचं, हौदात गप्पी मासे सोडायचे. हे काम दिसत नाही, फोटोत येत नाही. गाडी दिसते, आवाज करते, म्हणून पुढारी फोन करून गाडी आपल्या गल्लीत मागवतो आणि कंटेनर तपासणारे चार जण त्या गाडीबरोबर पाठवले जातात. सर, तुमच्या गल्लीत महिनाभर गाडी आली नाही याचं दुःख करू नका, महिनाभर तुमच्या गच्चीवर कुणी चढलं का ते विचारा.

आणि इथंच करार लोकांच्या कामाचा होतो. एका माणसानं दिवसात किती घरं बघायची, वॉर्डाला माणसं किती, पुरानंतर जादा माणसं कधी आणि कुठल्या पगारावर घ्यायची, हे टेबलावर ठरलं तर डास कमी होतात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखलात ब्लीचिंग आणि औषध घेऊन हीच माणसं उतरली होती, पायाला जखम, खाली उंदरांच्या मुतानं घाण झालेलं पाणी, लेप्टोची भीती. तेव्हा कुणी सौदा केला नाही. जादा कामाचा मोबदला नंतर मागितला तर तो काही गुन्हा नाही.

चौदा दिवसांची नोटीस कायद्यानं लागते हे वर लिहिलंच आहे. ती मुळात तुमच्यासाठी आहे सर. त्या चौदा दिवसांत तुमच्यासारख्या चार लोकांनी आयुक्तांना जाऊन विचारलं की बोलणी कुठंवर आलीत, तर पंधराव्या दिवशी पंप खाली ठेवायची वेळ येत नाही. शासनानं मेस्मा (अत्यावश्यक सेवेतल्या संपाला बंदी घालणारा कायदा) लावला तर संप तसाही बंद पडतो, पण मेस्मानं गमबूट मिळत नाहीत.

प्रश्न: मी सहा कायमवाल्यांपैकी एक आहे. ठेकेदाराच्या पोरांना युनियनमध्ये घेतलं तर आमचीच मागणी पातळ होते. त्यांचं त्यांनी बघावं. चूक आहे का यात? (सांगली जिल्हा)

उत्तर: चूक आहे. आणि तुम्ही बहुतेक त्या पहिल्या पत्रातल्याच पालिकेतले असणार, नसलात तरी उत्तर तेच. तुम्ही सहा आहात, दहा वर्षांपूर्वी किती होता ते मोजा. एक रिटायर झाला की त्याची जागा भरत नाहीत, ठेकेदाराला एक माणूस वाढवून देतात. अजून चार जण गेले की तुमची युनियन म्हणजे दोन माणसं आणि एक शिक्का. तुमचा पगार जास्त वाटतो तो कुणाच्या तुलनेत? त्या सोळांच्या. साहेबाला उद्या तुमचा ओव्हरटाइम बंद करायचा असेल तर तो त्या सोळांकडं बोट दाखवून करेल. समान कामाला समान वेतन हे टेम्पररीवाल्यांनाही लागू, असं सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये पंजाबच्या केसमध्ये म्हटलंय, ती मागणी तुमच्या तोंडून गेली तर तिला वजन येतं, त्यांनी एकट्यानं केली तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी चार जणांना घरी बसवतो. त्यांना गाडीवर शेजारी बसवताय ना, मग मीटिंगलाही बसवा.

प्रश्न: मी हिवताप विभागाकडं हंगामी फवारणीला दोन सीझन होतो. आरोग्य सेवकाच्या भरतीत आमच्यासाठी राखीव जागा असतात म्हणे, पण दाखला मिळत नाही. (माण तालुका)

उत्तर: असतात. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेवक (पुरुष) भरतीत हंगामी फवारणी क्षेत्र कर्मचाऱ्यांसाठी ५० टक्क्यांचा कोटा असतो आणि त्याला ९० दिवसांच्या अनुभवाचा दाखला लागतो. ८७ दिवसांवर थांबवतात अशी तक्रार मी किती जणांकडून ऐकली त्याची मोजदाद नाही. दाखला नंतर मागायला जाऊ नका, सीझन चालू असतानाच सगळ्यांनी मिळून एका अर्जावर सह्या करून दर महिन्याच्या हजेरीचा उतारा मागा. एकट्यानं मागितला तर 'बघू'. तीस सह्यांना 'बघू' म्हणता येत नाही.

प्रश्न: आमची युनियन आहे, मान्यता पण आहे. साहेब चांगले आहेत, बोलवतात, चहा देतात, सगळ्याला हो म्हणतात. दोन वर्षं झाली, एक पण गोष्ट झाली नाही. काय करावं? (सरचिटणीस, नाव-गाव देऊ नये)

उत्तर: चहा प्या, पण उठायच्या आधी इतिवृत्त लिहून दोघांच्या सह्या घ्या. साहेब म्हणतील विश्वास नाही का. म्हणायचं, तुमच्यावर आहे साहेब, पण तुमची बदली झाली तर? हे म्हटलेलं कुणाला लागत नाही, कारण बदली होतेच.

सही द्यायला टाळाटाळ केली तर त्याच दिवशी संध्याकाळी एक पत्र टाइप करा, 'आज अमुक वाजता आपल्या दालनात झालेल्या चर्चेत आपण खालील मुद्दे मान्य केले' आणि खाली मुद्दे. आठ दिवसांत त्यांनी हे खोटं आहे असं लेखी कळवलं नाही तर तोही एक कागद झाला तुमच्याकडं. आणि शेवटचा करार आपसात करू नका, तडजोड अधिकाऱ्यासमोर करा. आपसातला करार सही करणाऱ्यांपुरता, तडजोडीतला सगळ्यांना लागू होतो, सभासद नसलेल्यांना आणि उद्या नव्यानं लागणाऱ्यालाही. केलेला करार पाळला नाही तर एमआरटीयूच्या चौथ्या परिशिष्टात नववा नंबर त्यासाठीच आहे, घटना घडल्यापासून नव्वद दिवसांत तक्रार करायची, दोन वर्षं चहा पीत बसलात तर हे दिवस निघून जातात. तडजोड चालू असताना कुणाची ड्युटी मुद्दाम बदलली, कुणाला काढलं, तर तेही लगेच लेखी कळवा, त्या काळात सेवाशर्तींना हात लावायला मालकाला मोकळीक नसते. एरवीही तास किंवा भत्ते बदलायचे तर एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागते.

आणि हे पत्र शिपायाच्या हातात देऊन येऊ नका. खाली आवक-जावकला जा, दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, आवक नंबर आणि तारीख वाचता येते का तिथंच उभं राहून बघा. शिक्का पुसट उमटला असेल तर म्हणा ताई, शाई लावून परत मारा.